गुलामगिरी कधी संपली? तक्त्यात कोणती तारीख लिहायची?

रानजाई (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी,
मी न्यू जर्सीत राहते आणि रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. यंदा १९ जूनच्या, म्हणजे अमेरिकेत गुलामगिरी संपल्याच्या सुट्टीच्या निमित्ताने वर्गाने एक तक्ता करायचं ठरवलं. कोणत्या राज्यात, कोणत्या देशात गुलामगिरी कधी बंद झाली. डावीकडे नाव, उजवीकडे साल. दोन तासांचं काम वाटलं होतं. तीन रविवार झाले आणि आम्ही आमच्याच राज्याच्या ओळीवर अडून बसलोय.

न्यू जर्सीचा कायदा १८०४ चा. पण त्या कायद्याने त्या दिवशी कुणीही सुटलं नाही. ४ जुलै १८०४ नंतर जी मुलं गुलाम आईच्या पोटी जन्मतील ती स्वतंत्र, आणि तीसुद्धा आईच्या मालकाकडे राबून; मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत, मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत. त्याआधी जन्मलेल्यांना काहीच नाही. मग १८४६ मध्ये दुसरा कायदा आला. त्याने गुलामगिरी रद्द केली आणि जे उरले होते त्यांना 'आजन्म उमेदवार' असं नवीन नाव दिलं. काम तेच, मालक तोच. १८६० च्या शिरगणतीत या राज्यात अजून १८ माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत.

वर्गातली एक मुलगी म्हणाली, "ताई, मी १८०४ लिहिलं तर त्या १८ जणांना काय वाटेल?" तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा प्रश्न जात नाही. तुम्ही कोणती तारीख लिहाल? इतर देशांचं, भारताचं काय? जाणकारांनी कृपया लिहा.

---

तिसरा_मजला
देशभर गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती, ६ डिसेंबर १८६५. अमेरिकेपुरता विषय संपला. शाळेच्या तक्त्यात एवढा कीस पाडायची गरज नाही.

---

भटक्या_विदर्भी
@तिसरा_मजला, तेराव्या दुरुस्तीचीच गंमत बघा. धागाकर्तीच्या न्यू जर्सीने १८६५ मध्ये ती दुरुस्ती चक्क नाकारली होती. मंजूर केली जानेवारी १८६६ मध्ये, म्हणजे ती देशभर लागू झाल्यावर. डेलावेअरने मंजुरी दिली १९०१ मध्ये, केंटकीने १९७६ मध्ये. मिसिसिपीने १९९५ मध्ये ठराव केला, पण तो केंद्राकडे रीतसर कळवायचाच राहिला. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठातल्या एका मूळ भारतीय प्राध्यापकांनी लिंकनवरचा चित्रपट पाहिला, घरी येऊन शोधाशोध केली आणि त्यांच्या हे लक्षात आलं. कागद पोचले फेब्रुवारी २०१३ मध्ये.

गैरसमज नको म्हणून सांगतो, तिथे २०१३ पर्यंत गुलामगिरी होती असं नाही. तीनचतुर्थांश राज्यांची मंजुरी मिळाली की दुरुस्ती सगळ्यांना लागू होते. २७ वं राज्य जॉर्जिया, तारीख ६ डिसेंबर १८६५. त्यामुळे तुमची तारीख कायद्याने बरोबर आहे.

---

सई_पॅटरसन
माझं घर न्यूयॉर्क राज्यात आहे, तिथली गोष्ट सांगते. कायदा १७९९ चा आणि तोही न्यू जर्सीसारखाच, जन्मणाऱ्या बाळांपुरता. सरसकट सुटका ४ जुलै १८२७ ची. सोजर्नर ट्रुथ ही अल्स्टर काउंटीत गुलाम म्हणून जन्मली, लहानपणी तिची भाषा डच. मालकाने तिला एक वर्ष आधी सोडायचं कबूल केलं आणि शब्द फिरवला. १८२६ मध्ये एके दिवशी तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती सरळ चालत निघून गेली. बाकीची मुलं मागे ठेवावी लागली. तिचा मुलगा पीटर बेकायदा अलाबामात विकला गेला होता, तर तिने कोर्टात जाऊन १८२८ मध्ये त्याला परत मिळवला.

आता सांगा, तिची तारीख कोणती? १७९९ ची नाही, १८२७ ची पण नाही. तिची ती तिने स्वतः ठरवली.

मॅसॅच्युसेट्समध्ये तर गुलामगिरी बंद करणारा कायदाच झाला नाही. १७८० ची नवी राज्यघटना वाचली जात असताना एलिझाबेथ फ्रीमनने 'सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान' असं ऐकलं आणि वकिलाकडे गेली. १७८१ मध्ये तिने खटला जिंकला, वर ३० शिलिंग भरपाई. पाठोपाठ क्वॉक वॉकर या गुलामाचे खटले झाले. १७९० च्या शिरगणतीत त्या राज्यात गुलामांच्या रकान्यात शून्य आहे.

---

रानजाई
@सई_पॅटरसन, खूप धन्यवाद. एलिझाबेथ फ्रीमन मुलींना फार आवडेल. तक्त्यात मॅसॅच्युसेट्सपुढे साल लिहायचं की तिचं नाव, असा नवा प्रश्न आता पडलाय!

---

गणपुले_मास्तर
व्हरमाँट राज्याने १७७७ च्या घटनेतच गुलामगिरी बंद केली असं सांगतात, त्यात एक बारीक दुरुस्ती. त्या घटनेत २१ वर्षांवरचे पुरुष आणि १८ वर्षांवरच्या स्त्रिया एवढ्यांचाच उल्लेख आहे. मुलांना धरून ठेवायला पळवाट राहिली. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यात जन्मणाऱ्या मुलांना २८ वर्षांपर्यंत राबावं लागे. त्या काळचं आयुर्मान पाहता उमेदीची बहुतेक वर्षं मालकाचीच झाली की.

लिंकनच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम सुटले, असं आपल्याकडे शाळेत शिकवतात. तो फक्त बंडखोर भागांना लागू होता. युनियनसोबत, म्हणजे लिंकनच्या बाजूने राहिलेल्या मेरीलँड, डेलावेअर, केंटकी, मिसूरी या राज्यांना तो लागूच नव्हता. मेरीलँडने १ नोव्हेंबर १८६४ ला, मिसूरीने ११ जानेवारी १८६५ ला स्वतः बंदी केली. डेलावेअर आणि केंटकी मात्र शेवटपर्यंत हलले नाहीत, तिथली माणसं तेराव्या दुरुस्तीनेच सुटली. म्हणजे १९ जून १८६५ ला टेक्सासात गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरने हुकूम वाचला आणि अडीच लाख लोकांना आपण मोकळे आहोत हे कळलं, त्या दिवशीही केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती.

एक राहिलं. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १६ एप्रिल १८६२ लाच सुटका झाली होती. सरकारने भरपाई दिली, माणशी ३०० डॉलरपर्यंत. मालकांना.

---

उनाड_पोरगी
शेवटचा शब्द वाचून थांबले क्षणभर. मालकांना???

---

बेलापूरचा_बाळ
@उनाड_पोरगी, ब्रिटनचं ऐकलंत तर खुर्चीवरून उठाल. १८३३ चा कायदा, अंमल १ ऑगस्ट १८३४ पासून. मालकांना भरपाई २ कोटी पौंड. त्या वर्षाच्या सरकारी खर्चाच्या जवळपास ४० टक्के! त्यासाठी काढलेलं कर्ज पुढे दुसऱ्या कर्जरोख्यांत मिसळत गेलं आणि पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. लंडनमध्ये नोकरी करताना मी सहा वर्षं कर भरला. त्यातला कणभर का होईना या कर्जात गेला, हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

आणि ज्यांना सोडलं त्या सुमारे आठ लाख लोकांना? पैसा नाहीच, उलट त्याच मालकाकडे 'उमेदवारी', आठवड्याचे बरेचसे तास बिनपगारी. लोकांनी इतका विरोध केला की १८३८ मध्ये ती गुंडाळावी लागली. अँटिग्वा आणि बर्म्युडा या बेटांनी मात्र उमेदवारी न ठेवता पहिल्याच दिवशी मोकळं केलं.

भारतीयांनी लक्षात ठेवायची गोष्ट : ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना या कायद्यातून वगळले होते.

---

मोका_डोंगर
नमस्कार सगळ्यांना. मी मॉरिशसची. आमच्या घरात मराठी चौथ्या पिढीची आहे, मी ती शाळेत शिकले, चुका होतील, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन सुट्ट्या आहेत. १ फेब्रुवारी, कारण १ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी संपली. आणि २ नोव्हेंबर, कारण २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून करारावरचे पहिले मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला आले. तारखा नीट बघा. गुलाम सुटायच्या तीन महिने आधी आमची माणसं आणली. ऊस तर तोडायचा होताच.

पुढे जवळजवळ पाच लाख माणसं आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून आली. बहुतेक बिहारची, काही तामिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणची, घाटावरची. माझ्या आजीला गावाचं नाव माहीत नव्हतं, एवढंच सांगायची की 'समुद्राच्या जवळ, रत्नागिरीकडे'. ती गणपतीत ज्या आरत्या म्हणायची त्या आम्ही आज म्हणतो. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते.

ले मॉर्न नावाचा डोंगर आहे. पळालेले गुलाम तिथे कड्यावर लपत. आमच्याकडे गोष्ट सांगतात की सुटका झाली तेव्हा ही बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले. वरच्यांना वाटलं, पकडायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. लोकांची सांगितलेली गोष्ट आहे, पण दर १ फेब्रुवारीला लोक त्या डोंगराच्या पायथ्याशी जमतात आणि सगळ्यांना ती ठाऊक असते.

रानजाई ताई, तक्त्यात मॉरिशसला दोन्ही तारखा द्या. एक क्रेओल शेजाऱ्यांची, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांची आहे, एक आमची.

---

रानजाई
मोका_डोंगर ताई, तुमचं मराठी सुरेख आहे. चुका शोधूनही सापडल्या नाहीत. दोन्ही तारखा नक्की.

---

सदू_सुतार
तक्ता आता दारापर्यंत पोचला असेल! मराठी शाळेला पुढच्या वर्षी लांब भिंतीची खोली बघा. (विनोद बाजूला, धागा फार सुंदर चाललाय. वाचनखूण साठवली.)

---

अंबरनाथ_लोकल
गुलाम व्यापार बंद होणं आणि गुलामगिरी बंद होणं या दोन गोष्टी मुलांना वेगळ्या दाखवा. ब्रिटनने व्यापार १८०७ ला बंद केला, गुलामगिरी १८३४ ला. अमेरिकेत बाहेरून आणायला बंदी १ जानेवारी १८०८ पासून, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री जोरात. आई व्हर्जिनियात, पोरं लुइझियानात, असं हजारो घरांचं झालं.

आणि हैती विसरू नका हो. तिथे कुणी सोडलं नाही, ऑगस्ट १७९१ मध्ये लोक उठले. फ्रान्सला १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली. हैतीने त्याच्या फौजेचा पराभव करून १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यावर फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँक मागितले, नंतर ते ९ कोटींवर आणले. मोकळे झालेल्यांनीच जुन्या मालकांना भरपाई द्यायची! फ्रान्सच्या इतर वसाहतींत गुलामगिरी संपायला १८४८ उजाडलं. म्हणजे फ्रान्सपुढे दोन सालं लिहावी लागतील आणि मधे एक काळी रेघ.

---

सह्याद्री_पठार
धागा चांगला आहे, पण एक विनंती. भारताला या यादीत ओढू नका. आपल्याकडे मळे नव्हते, जहाजात कोंबलेली माणसं नव्हती. दास होते, पण ते घरच्यासारखे. मलिक अंबरचं उदाहरण घ्या. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली. कुठल्या अमेरिकन गुलामाला असं जमलं असतं?

---

पुस्तकी_किडा
@सह्याद्री_पठार, मलिक अंबरबद्दल मलाही अभिमान आहे. खुलताबादला त्याच्या कबरीपाशी मी दोनदा जाऊन आलोय. पण तो लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे फिरत इथे आला आणि त्याला विकत घेणारा चंगीझखान स्वतः पूर्वीचा गुलाम होता. तो वर चढला हे त्याचं कर्तृत्व. बाजार होता म्हणूनच तो विकला गेला ना?

आणि घरच्यासारखे? पेशवाईतल्या कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या नोंदी वाचा. खरेदी, किंमत, एका कोठीतून दुसऱ्या कोठीत पाठवणी, पळून गेलेलीचा शोध, सगळं मोडीत व्यवस्थित लिहिलेलं आहे. बदकर्माचा ठपका आलेली बाई सरकारजमा होई आणि बटीक म्हणून राबे. तिची पोरंही मालकाची. आपल्या भाषेत 'बटकीच्या' ही शिवी अजून आहे. जी गोष्ट नव्हतीच तिची शिवी कशी होईल?

---

सह्याद्री_पठार
शिवीचा मुद्दा मान्य. मला एवढंच म्हणायचं होतं की अटलांटिकपलीकडचा प्रकार वेगळा होता, प्रमाण वेगळं, वंशाचा भाग वेगळा. 'घरच्यासारखे' हा शब्द मात्र मागे घेतो. दप्तरातल्या नोंदी मी वाचलेल्या नव्हत्या.

---

गणपुले_मास्तर
सह्याद्री_पठार, असं मोकळेपणाने मान्य करणारे प्रतिसाद कमी दिसतात. आनंद झाला.

मग भारताची तारीख. १८४३ चा ५ वा कायदा, ७ एप्रिल १८४३, गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो. हा कायदा फार हुशारीने लिहिलेला आहे. 'गुलामगिरी रद्द' असं त्यात म्हटलेलं नाही. सरकारी थकबाकीपोटी माणूस विकायचा नाही. 'हा माझा गुलाम' हा हक्क कोर्ट मानणार नाही. गुलाम होता म्हणून कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. आणि मोकळ्या माणसाला जी इजा करणं गुन्हा आहे, ती गुलामाला करणंही गुन्हा. बस्स. मालकाने ठेवायचा तर ठेवावा, गुलामाने निघून जायचं तर जावं, सरकार मधे पडणार नाही. पण निघून जायला आधी हे कळायला हवं, आणि जायला जागा हवी. माणूस विकत घेणं गुन्हा ठरलं भारतीय दंडसंहितेतल्या कलम ३७० ने. ती लागू झाली १ जानेवारी १८६२ ला.

---

उसगावकर_बाय
गोव्याची ओळ वेगळी करा, तो तेव्हा पोर्तुगालचा. पोर्तुगालने १७६१ मध्ये मायदेशात नवे गुलाम आणायला बंदी केली, वसाहतींना ती लागू नव्हती. साम्राज्यभर रद्द झाली फेब्रुवारी १८६९ मध्ये, तेही पुढची काही वर्षं जुन्या मालकाकडे राबायची अट घालून. गोव्यात मोझांबिककडून आणलेली माणसं घरोघरी होती. त्यांतली काही घाट चढून रानात पळाली. आज कारवारच्या वरच्या अंगाला, यल्लापूर-हल्याळकडे जे सिद्दी राहतात, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज असे पळून आलेले. ते कोंकणी बोलतात, आम्ही गेलो होतो तेव्हा छान गप्पा झाल्या. पळून आलेल्याने मालकाची भाषा बरोबर आणली आणि जपली, याचं मला फार वाटत राहतं.

---

गोदाकाठचा_नाशिककर
नाशिकचा उल्लेख कुणी करेल म्हणून वाट बघत होतो. आमच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, कितीजणांना नावाचा अर्थ माहीत आहे?

१८५४ मध्ये मिशनऱ्यांनी तिथे शरणपूर ही वस्ती वसवली. तेव्हा ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचं. परत कुठे पाठवणार? गाव जळालेलं, आईबाप ठाऊक नाहीत. त्यातली बरीच मुलं नाशिकला शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजीबरोबर इथल्या भाषाही शिकली. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत वारला, तेव्हा त्याचा देह दीड हजार किलोमीटरहून जास्त पायी चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत सुसी आणि चुमा या त्याच्या सेवकांबरोबर ही 'नाशिकची पोरं' होती. त्यांच्यातला जेकब वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनाच्या वेळी खांदा देणाऱ्यांत होता. नाशिकला शिकलेला मुलगा!

५ जून १८७३ ला झांझिबारच्या सुलतानाने गुलाम बाजार बंद करायच्या तहावर सही केली. त्यामागे होते बार्टल फ्रिअर, मुंबईचे माजी गव्हर्नर. त्यांच्याच नावाने मोम्बासाजवळ फ्रिअर टाउन वसलं आणि नाशिकची बरीच मंडळी तिथे स्थायिक व्हायला गेली. पण झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली १८९७ मध्ये. बाजार बंद झाल्यावर आणखी २४ वर्षं.

---

पुस्तकी_किडा
वा, नाशिककर! आणि साल बघा, १८७३. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली, त्यांना ते अर्पण केलेलं आहे. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, ही इच्छाही तिथेच लिहिली आहे. तेरावी दुरुस्ती होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला. रानजाई, तुमच्या मुलांना न्यू जर्सी आणि महाराष्ट्र जोडणारा यापेक्षा चांगला दुवा मिळणार नाही.

---

साओपावलोत_सध्या
आणखी एक १८७३ चा : सुरीनाममध्ये डचांनी १ जुलै १८६३ ला गुलामगिरी संपवली, पण दहा वर्षं सक्तीची मजुरी ठेवली. ती १८७३ मध्ये संपली आणि त्याच ५ जूनला, म्हणजे नाशिककरांनी सांगितलेल्या तहाच्याच दिवशी, 'लल्ला रूख' जहाज भारतीय मजूर घेऊन तिथे पोचलं. मोका_डोंगर ताईंचा मुद्दा तंतोतंत.

मी ब्राझीलमध्ये आहे. इथली तारीख १३ मे १८८८, राजकन्या इझाबेलची सही, दोनच कलमांचा कायदा. अमेरिका खंडातला हा शेवटचा देश. पण सेआरा या प्रांताने चार वर्षं आधीच, २५ मार्च १८८४ ला, गुलामगिरी संपवली होती. कशी, ते ऐकण्यासारखं आहे. १८७७ ते १८७९ असा भीषण दुष्काळ पडला, मालकांनी गुलाम दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांना विकायला काढले. फोर्तालेझाला धड बंदर नव्हतं, किनाऱ्यापासून जहाजापर्यंत माणसं न्यायची ती जांगाडा नावाच्या ओंडक्यांच्या तराफ्यांवरून. १८८१ मध्ये त्या तांडेलांनी सांगितलं, या किनाऱ्यावरून आता गुलाम चढणार नाहीत. त्यांचा पुढारी फ्रान्सिस्को दो नासिमेंतो, मिश्रवंशीय कोळी. व्यापार तिथेच ठप्प झाला.

अवांतर : 'जांगाडा' हा शब्द पोर्तुगीजांनी मलबारातून नेला, मल्याळममधला 'चंगाडम्'. मूळ संस्कृत 'संघाट'. आपली 'सांगड' तीच. सांगड घालणे म्हणतो ना, ती दोन होड्यांची.

---

सदू_सुतार
सांगडीचं वाचून फार आनंद झाला. आमच्या आजोळी भीमेला पूर आला की भोपळ्यांची सांगड बांधत.

---

मस्कतचे_काका
ओमानमध्ये सतरा वर्षं नोकरी केली. तिथे बंदी आली १९७० मध्ये, सुलतान काबूस गादीवर आल्यावर. सौदी आणि येमेन १९६२. मॉरिटानिया १९८१, आणि तिथे गुलाम ठेवणं हा गुन्हा ठरला २००७ मध्ये. मी ऑफिसात ज्यांच्या शेजारी बसायचो ते गृहस्थ १९७० मध्ये नऊ वर्षांचे होते. त्यांचे वडील कोण होते हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी पुन्हा विचारलं नाही.

---

उनाड_पोरगी
नेपाळपण! रक्सौलहून काठमांडूला जाताना अमलेखगंज लागतं. राणा चंद्र शमशेरने १९२४ मध्ये भाषण करून गुलामगिरी संपवायचं ठरवलं, सोडवलेल्या माणसांना तिथे वसवलं. 'अमलेख' म्हणजे मुक्त. भारतातून पेट्रोलची पाइपलाइन जाते तेच गाव. आणि शेतावरची वेठ, कमैया, बंद झाली थेट २००० मध्ये.

---

डहाणूचा_वारली
सगळं वाचलं. मी कमी लिहितो, पण हे लिहायला पाहिजे.

माझ्या आजोबांचा बाप लग्नगडी होता. शब्द माहीत नसेल तर सांगतो. लग्नाला पैसे नाहीत, सावकाराकडून शंभर-दोनशे रुपये घ्यायचे. त्या बदल्यात नवरा त्याच्या शेतावर राबणार. बायको पण राबणार, तिला हिशोबात धरायचंच नाही. कर्ज फिटायचं नाही. सावकार जमीन विकायचा तर गडी पण जमिनीबरोबर जायचा. १८४३ चा कायदा होऊन शंभर वर्षं झालेली. मुंबई शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

१९४५ मध्ये वारली उठले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर आले होते, लाल बावटा होता. वेठीला जायचं नाही, लग्नगडी राहायचं नाही, एवढंच ठरलं. त्या साली तळवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार पण झाला. आजोबा सांगायचे, पहिल्या सकाळी कामाला गेले नाहीत तेव्हा घरात सगळे दिवसभर गप्प बसून होते, कारण घरी काय करायचं ते कोणाला सुचत नव्हतं.

घटनेचं कलम २३ आलं १९५० ला. वेठबिगारी बंद करायचा कायदा आला १९७६ ला, वटहुकूम त्याच्या आदल्या ऑक्टोबरात. तो लागला तरी वीटभट्टीवर उचल घेतलेली माणसं आजही आमच्या भागातून पावसाळा संपला की जातात. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत जातात.

---

तिसरा_मजला
पहिला प्रतिसाद माझाच होता, 'विषय संपला' असा. डहाणूचा_वारली दादांचं वाचून मी तो शब्द परत घेतो.

माझ्या घरात माझी मुलगी १९ जूनला विचारते, सुट्टी कशाची? मी सांगतो, गुलामगिरी संपली त्याची. ती विचारते, कोणी सांगितलं त्यांना? मला हा प्रश्न लहान मुलीचा वाटायचा. टेक्सासात अडीच वर्षं कुणी सांगितलं नाही आणि डहाणूत शंभर वर्षं. रानजाई, एक सुचवतो. तेराव्या दुरुस्तीतली पळवाट तक्त्यात जरूर लिहा. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम त्यात चालतं. युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी किरकोळ कारणांवरून काळ्यांना पकडून खाणींना, मळ्यांना भाड्याने दिलं. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं.

---

रानजाई
मंडळी, काल शाळा झाली. तुमचे प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवले, मोका_डोंगर ताई आणि डहाणूच्या दादांचे दोनदा.

मूळ प्रश्नाचं उत्तर मुलांनीच काढलं. आता तक्त्यात तीन रकाने आहेत : कायदा कधी झाला, त्या दिवशी कोण सुटलं, कोण राहिलं. न्यू जर्सीच्या ओळीत पहिल्या रकान्यात १८०४ आणि १८४६, दुसऱ्यात 'त्या दिवशी कुणी नाही', तिसऱ्यात '१८६० मध्ये १८ माणसं'. मॅसॅच्युसेट्सला सालाऐवजी एलिझाबेथ फ्रीमन आहे. ब्रिटनच्या ओळीत भरपाई कुणाला मिळाली ते लाल शाईने लिहिलंय. सेआराच्या ओळीत एका मुलाने तराफा काढलाय, छान जमलाय. नाशिक आलंय, गोवा आलंय, खडकी आलीय. भिंत पुरली नाही, सदू_सुतार, तक्ता कोपऱ्यातून वळवून खिडकीखाली नेला.

तिसऱ्या रकान्यात फार लिहावं लागलं. दुसरा बहुतेक ठिकाणी रिकामाच आहे.

डहाणूच्या दादांना एक विचारायचं आहे. पालघरची ओळ आम्हाला लिहिता येत नाहीये. साल १९४५ लिहू की १९७६? आणि 'लग्नगडी'ला इंग्रजीत काय म्हणायचं, मुलांचे आईवडील वाचतील तेव्हा समजायला हवं.

---

डहाणूचा_वारली
ताई, दोन्ही सालं लिहा, आणि वीटभट्टीचं शेवटच्या रकान्यात लिहा, त्यापुढे साल टाकू नका.
लग्नगडी असंच ठेवा. कोणी विचारलं तर मुलांना सांगू दे.